हातभर माती

माहं माहेर घाटाखालचं, नांदुऱ्याच्या तिकडलं, आन सासर हे असं घाटावर, डोंगराच्या पोटाशी, तर काय सांगू तुम्हाले मॅडम, दोन्हीकडं मराठीच बोलतात, देव बी तेच, पन मातीत असा फरक का मी पहिले सहा महिने रडूनच काढले. तुम्ही शाळेवरच्या, पोराईले मातीचा धडा शिकवाचा म्हून आल्या, कोनी तरी सांगतलं असन का यमुनाबुढीकडे जा, तिनं सरकारी सायबासंगं खड्डे खंदले, तिले समजते. समजते ना, काऊन नाई समजनार. पन मी माह्या पद्धतीनं सांगीन, मधात तोंड घालू नोका, आन तो चहा घ्या अगुदर, थंडा व्हऊन राह्यला.

घाटाखालची माती पाह्यली का तुम्ही? मलकापूर-नांदुऱ्याकडे जाता तवा गाडीतून दिसते, काळी कुळकुळीत, सपाट, नजर पुरत नाई तिथवरी. आमच्या वावरात इहीर खंदली तवा मी उलशीच व्हती, काठावर बसून पाहाची, दोन पुरुस खोल गेलं तरी काळी मातीच निंघे. गोटा म्हून औषधाले मिळत नव्हता. कुत्रं हाकलायचं तर ढेकूळ फेका लागे, माह्या मायचा पाटा-वरवंटा बी बाहेरगावाहून बैलगाडीत आनेल व्हता. उन्हाळ्यात त्या मातीले अशा भेगा पडत का माहा पाय गुडघ्यावरी अंदर जाय, येकडाव बकरीच्या पिल्लाचा पाय अटकला तर मोडूनच निंघाला बिचाऱ्याचा. आन पानी पडलं का तेच माती फुगे, भेगा बुजत, चपला हातात धरून चाला लागे. वरची माती भेगाईतून खाली जाय आन खालची फुगून वर ये, माहा बाप म्हने, ही माती सोताच सोताले नांगरते. पीक लय, पन इहिरीचं पानी खारं, तोंडात धरवे ना. तवा मले वाटे, साऱ्या दुनियेत माती अशीच असन.

मंग लगन झालं, मी सोळाची असन, यष्टीनं घाट चढून आली, दोनदा उलटी झाली, आन चौथ्या का पाचव्या दिवशी सासूनं खुरपं हातात देलं आन वावरात नेलं. पहिलंच खुरपं मारलं तर खन्नकन वाजलं. मी घाबरली, म्हन्लं कोनाचं भांडं-कुंडं पुरेल हाये का इथं. सासू हासली, म्हने भांडं नाई बाई, मुरूम हाये. वरतं इतभर माती, तीबी लाल-भुरी, खाली पिवळा मुरूम आन त्याच्या खाली निरा काळा पत्थर. हे वावर, हे तुम्हाले आता सीताफळाचं झाड दिसते ना तिथून वर, तवा त्याले सारे बरडच म्हनत. दिवाळीले माहेरी गेली तवा मायजवळ बसून रडली, म्हन्लं तुम्ही मले गोट्यात देली. माय काय म्हनन, ती बी रडली.

माहे मालक मोठे गमत्ये. ते म्हनत, रडतीस काऊन व, तुह्या माहेरची माती आमचीच तर हाये. आमच्या डोंगराची. पानी हरसाल चोरून नेते आन तुह्या बापाच्या वावरात नेऊन टाकते. मी काय कमी व्हती का, मी म्हन्लं, मंग राखन काऊन नाई केली? तुमच्या बापजाद्यायनं काय झोपा काढल्या का? ते हासले, पन तोंड उतरलं त्याईचं, आन ते डोक्शात बसलं. येकदिवशी मले वरच्या अंगाले घेऊन गेले, तिथं येक मोठा गोटा व्हता, गोल, त्याची वरची साल हातानं निंघे. कांद्याची साल निंघते ना, तशी. येक निंघाली का खाली दुसरी. अंदर काळा ठक्क, घन मारला तर घन उडन, आन वरची साल पिवळी, हातात चुरली का भुगा. ते म्हने, पाह्य, ऊन यालं तापोते, पानी भिजोते, थंडीत हा आखडते, आन असा हळूहळू नरम पडते. हाच मुरूम व्हते आन मुरमाची माती व्हते. मी म्हन्लं, किती दिवसानं व्हते? ते म्हने, माह्या आजानं बी हा गोटा असाच पाह्यला. तवा मी हासली व्हती बरं. सोळा-सतराचं वय, हासूच येते.

आता पुढचं सांगते. हे तुम्ही त्या फोनमधी भरून घेऊन राह्यल्या ना? घ्या. मांगच्या सालापर्यंत हे मी कोनाजवळ बोलली नसती, माह्या पोराजवळ सुदिक नाई. आता बोलते.

लगनानंतर दोन वर्सानं मले पोरगी झाली. अडीच महिन्याची झाली व्हती. गोरी नव्हती, माह्यासारखीच सावळी, पन डोळे असे, मानसाकडं पाहे तर पाहातच राहे. फागुनात तिले ताप आला, दोन दिवस अंगावर दूध घेतलं नाई, तिसऱ्या दिवशी गाडी जुपली आन दवाखान्यात न्यायले निंघालो तर पांदनीच्या वाटेतच गेली, माह्या मांडीवर. गाडी तिथूनच वापस वळवली. मले आजवरी त्या बैलाईच्या घंट्या ऐकू येतात, थांबवाव्यात असं कोनाले सुचलं नाई.

उलशा लेकराले जाळत नाईत, तुम्हाले ठाऊक असन, पुरतात. आपल्याच वावरात, धुऱ्याच्या, म्हंजे शिवेच्या कडंले, कोनाचा पाय पडनार नाई अशी जागा पाहून. बाया जात नाईत. मालक गेले आन त्याईचे चुलते गेले. घरी आले तवा मालकाच्या दोन्ही हाताले फोड, फुटेल, रक्त निंघेल. काय झालं म्हून मी इचारलं नाई. त्याईनंच सांगतलं, खाली मान घालून, म्हने टिकास चालेच ना, इतभर माती आन मंग मुरूम, कमरेवरी बी नाई गेलं, गुडघ्याच्या उलसं वर. येवढंच बोलले आन ढोराईले पानी दाखवाले निंघून गेले.

मले काय झोप येते? आमच्याकडं कोल्हे लय तवा. सकाळी सासूची नजर चुकवून मी टोपलं घेतलं आन वावरात गेली. जागा दिसलीच, ताजा मुरूम वर आलेला, पिवळा. आधी मनात आलं का गोटे रचून देवाव, गोटे काय, पाय ठेवा तिथं गोटे. येक गोटा उचलला बी. मंग म्हन्लं, अवं यमुने, अडीच महिन्याच्या लेकरावर गोट्याचं वझं ठेवतीस का? टाकून देला तो गोटा. नाल्याच्या काठावर गेली, तिथं पावसानं आनेल गाळ व्हता, नरम, तो टोपल्यानं आनला. किती खेपा केल्या देव जाने. अंगावरचं दूध वाहून राह्यलं व्हतं, पातळ ओलं झालं, आन मी आपली माती आनून राह्यली. तिच्या अंगावर निरी नरम माती घातली, हातानं थापली, आन मंग वाटलं का उताराची जागा हाये, येक पाऊस आला का हे सारं खाली जाईन, तर खालच्या अंगानं गोटे लावले, आडवे, चंद्रकोरीसारखे. तो माहा पहिला बांध. मले बांध घालाचा नव्हता मॅडम. मले माही माती वाहू द्यायची नव्हती.

सासू मारकी नव्हती, पन माहे मातीनं भरेल हात पाहून ती भेली. तिनं मले बसवलं आन सांगतलं, आता रडाचं ते रडून घे, पन तिचं नाव काढू नोको. जे लेकरू गेलं त्याचं नाव मायच्या तोंडून निंघालं का ते वापस पाहते आन मांगच्याले बलावते. मांगचं लेकरू टिकत नाई. माह्या आईनं दोन घालवले तसे, म्हने. आता तुम्ही हासान, शिकेल मानसं. मी बी आता हासते. पन तवा अठरा वर्साची पोर, जिचं येक गेलं, तिले जर म्हन्लं का गप राह्यली तर दुसरं जगन, तर ती जनमभर गप राहीन का नाई? मी गप राह्यली. नाव गिळून टाकलं. मालकाजवळ बी नाई काढलं आन त्याईनं बी नाई.

त्या साली पावसाळा लागला, दोन-चार चांगले पानी पडले, आन उघडीप झाली तशी मी वावरात गेली, का गेली असन माती वाहून, काय दिसन काय नाई. पाहाते तर माती कमी नाई, जास्ती! वरून जे पानी आलं, ते माह्या गोट्यायजवळ थांबलं, पानी झिरपलं आन संग आनेल माती तिथंच बसली. चांगली बोटभर. नरम, गुळगुळीत, तिच्यावर येका पक्ष्याची पावलं उमटेल. मी तिथंच बसली आन हमसून हमसून रडली, पन ते रडनं येगळं व्हतं. मले वाटलं, मी येकटीच नाई घालून राह्यली माती हिच्यावर, हा येवढा मोठा डोंगर घालून राह्यला.

मालक मांगून आले. त्याईनं ते पाह्यलं. येक मोठा गोटा सब्बलनं हालवला, लोटत लोटत आनला आन माह्या गोट्याच्या रांगीत लावला. मंग दुसरा. तवापासून दर उन्हाळ्यात आम्ही दोघं जन तो बांध वाढवत गेलो. गाववाले म्हनत, काय येडे झाले, बरडाले कोनी बांध घालते का. मालक म्हने, म्हनू द्या. पाच-सात वर्सानं बांधाच्या वरच्या अंगानं जवारी जी आली, बाकीच्या वावरापेक्षा हातभर उंच, तवा तेच लोक पाहाले आले आन मालकाले इचारत, कसं काय सुचलं हो? मालक माह्याकडं पाहात आन म्हनत, हिच्या माहेरची माती हाये ना, राखून राह्यलो. सारे हासत. मी बी हासाची. काय करन!

गजानन झाला तो बांध घालाच्या चौथ्या वर्सी. जगला. गप राह्यली म्हूनच जगला, असं मले इमानानं वाटे, म्हून अजून गप झाली. त्यालं पाठीशी बांधून मी गोटे लावले हायेत. तो खेळलाच त्या बांधावर. तिथं येक सीताफळ उगवलं, कोनी लावलं नाई, पाखराईनं बी टाकलं असन, इकडे डोंगरात सीताफळाले काय कमी. मी उपटून टाकनार व्हती, मालकानं हात धरला. मोठं झालं झाड. त्याची मुळी मुरमात शिरे, फटीत पाय घाले आन गोटा फोडे, पाला पडे, सडे, त्याच्यात मुंग्या, वाळवी, गांडुळं, काय काय किडे, सारे आपले उकरून राह्यले रातदिस, खालचं वर आन वरचं खाली. माती उलशी उलशी काळी व्हत गेली. गजू त्या झाडाची सीताफळं खाऊन वाढला, ओट्यात भरून मले आनून दे, माय खाय ना, लय गोड हाये म्हने. मी कधी खाल्लं नाई. मले सीताफळ सोसत नाई म्हून सांगतलं त्यालं. पोराले खरंच वाटे.

आता तुम्हाले पाह्यजे ती गोष्ट सांगते. येक सायब आले व्हते, माती मोजाले, जवान पोरगा, चष्मेवाला. साऱ्या शिवारात जागा जागावर खड्डे खंदाचे, मानूस उभा राहीन असे, आन खड्ड्याची भिंत चाकूनं खरडून पाहाची. रोजानं बाया लावल्या, त्यात मी बी. येक खड्डा आमच्या वावरात घेतला, बांधाच्या जवळ नाई, मी घेऊच देला नाई, सांगतलं तिथं साप हाये. वरच्या अंगाले घेतला. सायब खड्ड्यात उतरले आन आम्हा बायाईले दाखवलं, हे पाहा, ही वरची, ही मधातली, हा मुरूम, हा पत्थर. म्हने मावशी, माती अशी उगाच नाई व्हत, पाच जनं लागतात, आन बोटावर मोजून दाखवले. येक म्हने तो पत्थर, जसा पत्थर तशी माती. दुसरं ऊन-पानी. तिसरं झाड-झुडूप, किडा-मुंगी, सारं जितं. चौथा उतार, उतारावर माती टिकत नाई, सपाटीले जाऊन बसते, म्हून तुमच्या इथं इतभर आन नांदुऱ्याकडं पुरुसभर. आन पाचवं... पाचवं काय सांगतलं ते मी तवाच इसरली, कारन माहं ध्यान दुसरीकडंच गेलं. त्याईनं असं म्हन्लं का बोटभर माती व्हायले मानसाच्या कितीक पिढ्या खपतात.

मले राग आला. म्हन्लं, सायब, काई बी नोका सांगू. त्या बांधाजवळ या, हातभर माती हाये तिथं, ती मी केली हाये, ह्या दोन हातानं, येका पिढीत. सायब आले, पाह्यलं, बसून हातात माती घेतली, वास घेतला. मंग म्हने, मावशी, लय मोठं काम केलं तुम्ही, पन ही तुम्ही केली नाई. ही डोंगरानं केली, केव्हाची. ही वाहून चालली व्हती, तुम्ही थांबवली. मी घरी येऊन मालकाजवळ आदळआपट केली, म्हन्लं पुस्तकं वाचून आला आन मले म्हन्ते तू काईच केलं नाई. मालक म्हने, बराबरच तर बोलला तो. करनं आपल्या हाती असतं तर काय पाह्यजे व्हतं? येवढंच. मले समजलं ते कशाचं बोलून राह्यले. त्या विषयावर आमचं दोघाचं जेवढं काई बोलनं झालं जनमात, ते तेवढंच. मालक गेले त्याले आता सहा पावसाळे झाले.

गजू चांगला हाये, नाव नाई ठेवाचं त्यालं. चिखलीच्या बाजारात माल नेते, शिकेल हाये, पन त्यालं घाई. तो बांध वाकडा, चंद्रकोरीचा, ट्रॅक्टर वळत नाई तिथं, फण अटकते. मांगच्या साली चैतात म्हने, माय, मशीन आनतो, हा बांध काढून टाकतो आन खाली येक सरळ घालतो, वावर येकसाट करतो. मी म्हन्लं, माती जाईन रे. तो म्हने, जात नाई, खाली नवा बांध राहीन ना. मी म्हन्लं, झाड हाये. तो म्हने, झाड दुसरं लावू. मंग तो माह्याजवळ बसला, चांगल्या मनानं, आन इचारलं, माय, तुही काई अडचन हाये का? बाबाच्या हातचं हाये म्हून वाईट वाटते का? काय असन ते सांग.

आन मी म्हन्लं, नाई. काई नाई.

काऊन म्हन्लं? बावन वर्साची सवय, दुसरं काय. सांगाचं तर तिचं नाव येईन, नाव आलं तर... गजूच्या डोक्शाचे केस पांढरे झाले, त्याचे पोरं कॉलेजात, आन मी अजून भेऊन राह्यली का माह्या तोंडून नाव निंघालं तर ते ह्याले बलावन! अशी अक्कल पाहा माही. ज्यालं वाचवाले गप राह्यली, त्याच्याच हातानं ते करू देलं.

सकाळी मशीन आलं. गजू गाववरून डिझेल आनाले गेला आन ड्रायव्हरनं काम सुरू केलं. मी घरात तुरी निवडून राह्यली व्हती, आवाज आयकू ये. मशीनचा दात गोट्यावर घासला का कसा आवाज येते, आयकला का तुम्ही? मी सूप ठेवलं आन पळाली. ह्या वयात, अनवानी. जाऊन पाहाते तर पंधरा-वीस हात बांध काढेल, झाड आडवं, मातीचा ढीग बाजूले, आन मधात ही लांब चरी, माह्या कमरेवरी. मी सरळ चरीत उतरली. ड्रायव्हर वरून बोंबलला, ओ बुढे, मरतीस का, हट तिथून! मी मशीनच्या दातासमोर बसली आन हातानं माती उकरू लागली. त्यानं मशीन बंद केलं, देवानं बुद्धी देली त्यालं.

चरीची भिंत माह्या तोंडासमोर व्हती. सायबानं दाखवली तशीच. वर काळी माती, दाणेदार, मुळ्याच मुळ्या, गांडुळाची भोकं, त्याच्या खाली भुरी, खाली पिवळा मुरूम. मी मुरमापासून वर मोजत गेली. हे पहिल्या सालचं असन, हे गजू झाला तवाचं, हे दुष्काळातलं, पातळ. आन जिथं भुरी माती मुरमाले लागते तिथं मी शोधू लागली. येखांदं हाड. काई नाई. तिच्या मनगटाले मी काळ्या मन्याचं बांधलं व्हतं, म्हन्लं मनी तरी, मनी कुठं जाते. नखं तुटली माही. येक मनी सापडला नाई. जागा हात-दोन हात इकडं-तिकडं असन, नाई तर ढिगात गेलं असन, नाई तर, काय सांगू. जिकडं हात घाला तिकडं मातीच. सारी सारखी, नरम. कोनती डोंगराची, कोनती पाल्याची आन कोनती माह्या लेकराची, मायले बी वळखू नाई आली. तवा मले सायबाचं पाचवं आठवलं. वेळ. मावशी, पाचवं म्हंजे वेळ, त्यालं कोनीच घाई करू शकत नाई, असं म्हने ते. गोटा, पानी, किडा, उतार, सारं येते पन वेळ नाई देला तर माती व्हत नाई. माह्या पोरीले त्या वेळानं बावन वर्स देले व्हते.

गजू आला. चरीत उडी मारली त्यानं, माय काय झालं, साप चावला का, माय बोल ना. मी त्याच्या तोंडाकडं पाह्यलं आन म्हन्लं, गजू, इथं तुही बहीन हाये.

तो आधी समजलाच नाई. मंग समजला. तिथंच मातीत खाली बसला, चांगल्या प्यांटीवर. मले वाटलं आता रागावन, रागावलाच पाह्यजे, मले काऊन नाई सांगतलं म्हून. तो रागावला नाई. त्यानं इचारलं, माय, म्हून तू ते सीताफळ खाल्लं नाई का कधी? आन मंग माही जी हिंमत सुटली, मालक गेले तवा बी मी अशी रडली नव्हती. पोरगं माहं डोकं छातीशी धरून बसलं. ड्रायव्हर बिचारा टोपी काढून उभा.

मशीन वापस पाठवलं. ड्रायव्हर म्हने, दादा, दहा मिन्टात भरून देतो मी सारं, होतं तसं. गजू म्हने, नाई, मशीन नाई लावाचं. घरून फावडं आन टोपलं आनलं. तो ढीग त्यानं हातानं वापस टाकला, टोपल्या टोपल्यानं, त्यालं आठ-दहा दिवस लागले, हाताले फोड आले, अगदी बापासारखे. सून म्हने मी येते, पोरं म्हने आम्ही येतो, तो म्हने नोका, माह्याच हातानं करू द्या. मी वर बसून सांगे, आधी नरम माती टाक, गोटे वर नोको ठेवू, गोटे खालच्या अंगानं. त्यानं इचारलं नाई काऊन. तसाच लावला, वाकडाच, चंद्रकोरीचा. झाड काई जगलं नाई, पन बुंध्याजवळून येक धुमारा आला हाये, तुम्ही जाता जाता पाहा.

शेवटच्या दिवशी गजू हात धुऊन माह्याजवळ बसला आन म्हने, माय, नाव काय व्हतं? मी तोंडावर पदर घेतला. म्हन्लं, नोको रे बाबा. तो म्हने, माय, मी आता केस पिकेल मानूस, मले कोन नेते? आन नेलं तरी सख्खी बहीनच नेईन ना. असा बोलते तो, बापावर गेला हाये. मी आजूबाजूले पाह्यलं, जशी काई चोरी करून राह्यली, आन सांगतलं. शेवंता. फाटेल आवाज निंघाला. बावन वर्साचा गंज चढेल व्हता ना त्याच्यावर. गजूनं येकडाव म्हनून पाह्यलं, शेवंता. काई झालं नाई. वारा व्हता तो वाहूनच राह्यला व्हता.

आता काय, मी थकली. डोळ्याले कमी दिसते, वावरात रोज जानं व्हत नाई. माही येळ आली का मले जाळतीन, राख होईन, गजूले सांगून ठेवलं हाये का घाटाखाली नदीत न्यायची नाई, बांधाच्या वरच्या अंगाले टाक, पानी आपसूक खाली आनीन आन तिथंच थांबीन. तुम्ही पोराईले शिकवा मॅडम, तुमचं भलं होवो, तुमच्या कुसव्यात देव सुख घालो. त्याईले ते पाच सांगा, आन सांगा का माती कोनाले करता येत नाई, निसती थांबवता येते, जेवढी थांबन तेवढी.

यंदा पानी चांगलं झालं. बांधाशी बोटभर गाळ बसला, गजूनं मले हाताले धरून नेऊन दाखवला. आन परवा मी ओसरीत बसेल व्हती, तो अंगनात फोनवर ट्रॅक्टरवाल्याले सांगून राह्यला व्हता, घाईघाईत, त्याचं ध्यान बी नव्हतं माह्याकडं. म्हने, पाण्याच्या टाकीकडून नोको बे येऊ, वरून ये, आन शेवंताच्या बांधापासून सुरू कर.